मोकामीच्या नसलेल्या मुलाची बायको

८ डिसेंबर

माझं लग्न झालं आणि मला नवरा नाही.

तो मेलेला नाही, पळालेला नाही, सोन्याच्या खाणीवर कामालाही गेलेला नाही. तो जन्मलाच नाही. मोकामी म्हातारीला मूल झालं नाही, म्हणून तिने न झालेल्या मुलासाठी सून आणली, आणि ती सून मी. अशा सुना गावात आणखी दोन आहेत, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. मी अठरा वर्षांची, चौथ्या फॉर्मची, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा दिलेली, सरोवराकाठच्या मुसोमा शहरात नर्सिंगच्या शाळेत अर्ज केलेला. बापाला शंभर वेळा सांगितलं, मला लग्न नको.

"अगं वेगेसा, नवरा नको म्हणत होतीस ना?" बा म्हणाला. "मग बिननवऱ्याचंच तर दिलंय!" आणि स्वतःच्याच विनोदावर गुडघे बडवत हसला. माझ्याबदल्यात मोकामीच्या गाई त्याच्या गोठ्यात पोचल्या होत्या, हसेल नाहीतर काय.

रसायनशास्त्राच्या वहीत मागे बरीच पानं कोरी आहेत. रडण्यापेक्षा लिहिते.

१० डिसेंबर

म्हातारी कसली, बैल आहे! पाण्याने भरलेला हंडा एका हाताने उचलून डोक्यावर ठेवते. पुढच्या दातांत फट आहे, तिच्यातून शिट्टी मारली की टेकडीपलीकडच्या गाई माना वर करतात. हसली की कोंबड्या उडतात.

अंगणात दोन झोपड्या. एक तिची नि माझी, एक 'मुलाची'. मुलाच्या झोपडीत एक बसायचं लाकडी स्टूल, एक भाला, एक कातडं. बाकी काळोख.

"सूनबाई, तुला एकच काम," मोकामी म्हणाली. "सावली पायाखाली आली की मी शिजवलेल्या पेजेची वाटी त्याच्यापुढे ठेवायची आणि तो कसा आहे ते त्याला सांगायचं. एका वेळी एकच गोष्ट."

"तुम्हीच सांगा की. मुलगा तुमचा."

"आईच्या सांगण्याने होत नाही. शिजवणारीने शिजवायचं, बायकोने सांगायचं. माझ्या सासूकडून आलेली रीत आहे."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर नसलेल्याची बायको म्हणून म्हातारी होशील. जो नाहीच त्याला 'नको' कसं म्हणशील, पोरी? आधी त्याला असू दे. चारचौघांत उभा राहिला की सांग त्याच्या तोंडावर, नको. मी अडवायची नाही."

वेड लागलंय तिला. पण मुद्दा बिनतोड आहे. दुपारभर मी तोच चघळत बसले.

११ डिसेंबर

वाटी ठेवली. रिकाम्या स्टुलाला म्हटलं, "तुझे पाय फेंगडे आहेत." आणि बाहेर आले. थोड्या वेळाने वाटी चाटूनपुसून स्वच्छ. कुत्रं असणार.

१३ डिसेंबर

प्रयोग केला. शाळेतल्या बाईंनी शिकवला तसा, नीट. जमिनीवर चाळलेली राख पसरली, दारातही पसरली, कुत्र्याला बांधलं. वाटी ठेवली आणि दाराबाहेर पाठ करून उभी राहिले.

राखेत पावलं उमटली. लहान मुलाची असतात तेवढी. फेंगडी! स्टुलापासून वाटीपर्यंत आणि परत. दाराकडे एकही नाही.

मी किंचाळले, पण खरं सांगते, भीतीने नाही. शाळेत पहिल्यांदा सोडियमचा तुकडा पाण्यावर पेटून धावला होता, तेव्हा जे वाटलं होतं तेच. मोकामी बाहेरून ओरडली, "आला का?" मी म्हटलं, "पाय आले!" ती इतकी हसली की खाली बसली. उठताना लंगडली. म्हणाली, परवापासून पाय मुरगळलाय.

२१ डिसेंबर

तो शिट्टी मारतो!!

काल सांगितलं आणि आज आतून शिट्टी आली, लांब, शेवटी वर चढणारी. गाईंनी एकदम माना वळवल्या. मी अंगणात नाचले. लग्न नको असलेल्या बाईने नाचू नये, पण कोण बघतंय?

मोकामीचे पुढचे दोन दात पडले. नाचणीत खडा होता म्हणते. गाई आणायला मलाच टेकडीवर जावं लागलं.

२ जानेवारी

परवा ताकद सांगितली, काल भारदस्त आवाज. आजच कामाला आला!

रियोबा आला होता, मोकामीच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. पोट पुढे, टोपी मागे. "काय वहिनी, रिकाम्या झोपडीला सून आणलीस म्हणे! बाजारात लोक पोट धरून हसतात."

"हसू दे. हसण्याने पचन होतं."

"पंच फेब्रुवारीत बसणार आहेत. पुरुष नसलेल्या घराची जमीन भावाकडे येते. आणि सूनही." मग माझ्याकडे बघितलं, बाजारात शेळीचे दात बघतात तसं. "ही काही वाईट नाही."

तेवढ्यात झोपडीतून जाडाभरडा आवाज आला, "काका, अंगणाबाहेर थुंका."

रियोबाची टोपी पडली. ती तशीच टाकून तो फाटकापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "कोण आहे आत?"

"माझा मुलगा," मोकामी म्हणाली. असा चेहरा मी कुणाचा कधी पाहिला नव्हता. पावसानंतर शेत दिसतं तसा.

"मग बैठकीला उभा कर त्याला! भर उन्हात, सगळ्यांसमोर!"

तो गेल्यावर मोकामीने मला मिठी मारली. हात किती हलके झालेत तिचे, आवाजही बारीक. आता पाणी मीच भरते, हंडा तिला उचलत नाही. वय झालं, म्हणते. तीन आठवड्यांपूर्वी बैल होती.

१५ जानेवारी

नाव ठेवलं. मुनिको.

आता पेज ठेवून मी बाहेर येत नाही, तिथेच बसते. काळोखात आणखी दाट काळोख दिसतो, खांदे, डोकं. अंगातून ऊब येते, पण श्वास ऐकू येत नाही. जे सांगितलंय तेवढंच त्याला माहीत, म्हणून प्रश्नांचा पाऊस. नदी म्हणजे काय? बा म्हणजे काय? तू रडतेस तेव्हा पाणी कुठून येतं? मी त्याला आम्ल आणि आम्लारी समजावलं, त्याने मन लावून ऐकलं. वर्गातल्या एकाही मुलाने ऐकलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात हसू सांगितलं होतं. काय हसतो! कोंबड्या उडाल्या.

लिहूनच टाकते: दुपार कधी होते याची मी वाट बघते. याचा अर्थ मला नवरा हवाय असा नाही. मला तो पुरा झालेला बघायचाय.

मोकामी अलीकडे गप्प असते. मी तिला रियोबाच्या टोपीची नक्कल करून दाखवली, ती नुसती बघत राहिली.

२९ जानेवारी

पास! पास! दुसरी श्रेणी, रसायनशास्त्रात सगळ्यांत वरची! आणि मुसोमाचं पत्रही: एक मार्चला हजर व्हा. मी अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. मोकामीने कोंबडी कापली. पत्र चार वेळा वाचून घेतलं, 'हजर' या शब्दाशी दर वेळी मान हलवली.

त्याच आनंदात धावत झोपडीत गेले, वाटी ठेवली आणि म्हटलं, "मुनिको, तुला दिसतं."

काळोखातलं डोकं माझ्याकडे वळलं. मग म्हणाला, "तू उंच आहेस. तुझ्या कपाळाला शाई लागलीय." माझे कान गरम झाले.

बाहेर आले. मोकामी चुलीपाशी जमीन चाचपत होती.

"काय शोधताय?"

"पळी."

"ही काय, समोरच आहे."

"हो का," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच बाजूला चाचपायला लागली.

आत्ता ही वही पहिल्या पानापासून वाचली. पाय. शिट्टी. ताकद. हसू. डोळे. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि मला दिसलं नाही. रसायनशास्त्रात वरची श्रेणी! शून्यातून काही तयार होत नाही, हे पहिल्याच धड्यात असतं.

३० जानेवारी

"तुम्हाला माहीत होतं."

"शिजवणाऱ्याच्या हातातूनच जातं ते, पोरी. दुसरं कुठून येणार? सगळ्याच आया देतात. मी जरा उशिरा सुरुवात केली, म्हणून एकदम द्यावं लागतंय."

"आता काय उरलंय?"

"श्वास. श्वास आला की तो उंबरा ओलांडेल. श्वास द्यायचा बैठकीच्या दिवशी."

"मी सांगणार नाही. तोंड उघडणार नाही."

"मग जमीन रियोबाची, तू रियोबाची, आणि ही आंधळी लंगडी म्हातारी रस्त्यावर," ती शांतपणे म्हणाली. "आणि आतला तो? त्याला काय सांगशील? बघायला शिकलास, आता कायमचा काळोखात बस?"

 तिने हात पुढे केला, माझा चेहरा शोधला आणि डोळे पुसले. आधी एकदा हुकली, कानच पुसला.

४ फेब्रुवारी

मुनिकोला सगळं सांगितलं. त्याने स्वतःच्या ओठांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "म्हणजे हे हसणं आईचं आहे?"

"हो."

"ते तिचं तिलाच राहायला हवं होतं."

"मग शेवटची वाटी पिऊ नकोस!"

"तू आत्ता थांब म्हणतेस, आत्ता मी थांबतो. त्या वेळी आई पी म्हणेल, मग मी पिईन. सांगतात ते मी होतो, वेगेसा. मला तेवढंच येतं."

मी घाबरत विचारलं, "मी तुला सांगितलं, मला मार, तर?"

"मारीन," तो म्हणाला. रडत होता. रडणं मी त्याला कधी सांगितलेलंच नव्हतं. मी रोज त्याच्यापाशी बसून रडले, त्यातून शिकला असेल.

८ फेब्रुवारी, सकाळ

सापडलं! चार दिवस डोकं फोडलं आणि आता नदीवर कपडे धुताना सापडलं! धावत आले, हात अजून ओले आहेत, पानावर डाग पडताहेत, पडू देत.

श्वास सगळाच्या सगळा जायला नको. त्याला मधेच थांबता आलं पाहिजे. म्हणजे त्याला एक गोष्ट कमी आहे, ती मोकामीकडे नाही, सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं तेव्हाच तिने ती गमावली असणार. माझ्याकडे आहे. लहानपणापासून माझ्याकडे तीच एक भरपूर आहे, बाला विचारा. आज पेज मी शिजवणार. माझ्या हातांनी.

किंमत मला माहीत आहे. मोकामीचं काहीही थोडंथोडं गेलं नाही, गेलं ते पुरतं गेलं. आणि उद्या पंचांसमोर मला नेमकं तेच लागणार आहे. दोन महिने मी त्या एका वाक्यासाठी जगतेय. पण ते वाक्य म्हणून मी मोकळी व्हायची आणि मागे म्हातारी मरून पडलेली असायची, असं मोकळं मला व्हायचं नाही.

शेवटचं लिहून घेते. नाही. नाही. नको. मुळीच नाही. जा, नाही करत. किती छान शब्द आहेत!

पेज उकळतेय. चालले.

९ फेब्रुवारी

पेन धरवेल तेवढं लिहिते. एक शब्द मात्र सोडून, त्याच्यापाशी आलं की हात थांबतो. त्याला 'तो शब्द' म्हणते.

काल दुपारी मुनिकोला मी तो शब्द दिला. त्याने वाटी संपवली, ओठ हलवले, आणि अगदी हळू आवाजात तो म्हणून पाहिला. बाळ पहिल्यांदा उभं राहतं तसा आवाज. माझ्या घशात एक जागा रिकामी झाली. दात पडल्यावर जीभ तिथेच जाते, तसं होतंय.

आज पंच आले, झाडाखाली बसले. रियोबा कोट घालून. बासुद्धा आला होता, शेवटच्या गाईचं जमवायला. मोकामीने चाचपडत पेज शिजवली. सावली पायाखाली आली. मी वाटी घेऊन आत गेले, माझ्यामागे भिंत धरत ती.

"बोल, सूनबाई."

मी म्हटलं, "मुनिको, तुला श्वास आहे."

त्याने वाटी तोंडाला लावली. पहिला घोट, आणि मोकामीचे गुडघे वाकले. दुसरा घोट. त्याची छाती वर आली, पहिल्यांदाच! तिसरा. ती भिंतीवरून घसरत खाली बसली, तोंड पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. मी तिचे हात धरले, नखं निळी पडत होती. "पी, बाळा," ती पुटपुटली, "सगळं पी."

 वाटी ओठांपाशी होती. मला वाटलं, संपलं.

आणि तो तो शब्द म्हणाला. इतक्या जोरात की छपराचं गवत हललं.

"पी म्हणते मी!"

पुन्हा तोच शब्द. "आई, अर्धा माझा, अर्धा तुझा." आणि उरलेली पेज त्याने जमिनीवर ओतली.

मोकामीने हवा ओढली. खरखरीत, अर्धीमुर्धी, पण ओढली. मग तिने त्याला शिव्या घातल्या. इतक्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या होत्या म्हणून शपथ घ्यायला सांगा, हात मागेच घेईन!

मुनिको उंबरा ओलांडून उन्हात गेला.

धापा टाकत, फेंगडा, उंच, दातांत फट, मोकामीचे डोळे. रियोबा स्टुलासकट मागे पडला. सगळ्यांत म्हाताऱ्या पंचाने उठून मुनिकोच्या दंडाला चिमटा काढला, जमिनीवर त्याची सावली तपासली आणि म्हणाला, "मोकामीचाच आहे. तोंड बघा की. जमीन या घराचीच." मग मला बोट दाखवलं. "आणि ही तुझी बायको. पोरी, नांदशील ह्याच्याकडे?"

हाच तो क्षण. मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हणाले.

बाने समाधानाने मान डोलावली.  पुन्हा प्रयत्न केला, सगळी ताकद लावली. "हो. हो!" बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या, नवरीला भलतीच घाई म्हणून.

मुनिकोने माझ्याकडे पाहिलं. मग पंचांकडे वळला आणि तो शब्द म्हणाला.

"काय म्हणालास?"

"तेच म्हणालो. लग्नाआधी हिला कुणी विचारलं होतं? मला कुणी विचारलं होतं? आजोबा, मी आज पहिल्यांदा ऊन बघतोय. आधी मला नदी बघू द्या. बायको?" आणि तो शब्द, तिसऱ्यांदा, हसत.

म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. "सोडा दोघांना. मोकळी आहे पोरगी." बा गाईंबद्दल काहीतरी ओरडत होता, ते हशात बुडालं.

खरं लिहिते. मी मोकळी झाले, आनंदाने फुटायची बाकी आहे. आणि थोडी चिडलेही आहे. ज्याला राखेतल्या पावलांपासून मी घडवला, त्याने मला भर पंचायतीत नाकारलं!

२७ फेब्रुवारी, बसमध्ये

निघण्याच्या आदल्या दिवशी मुनिकोने पेज शिजवली. पुरुषाच्या हातात पळी बघायला अर्धं गाव कुंपणावर. मी वाटी मोकामीपुढे ठेवली आणि म्हटलं, "तुम्हाला उजव्या डोळ्याने दिसतं." त्याचा उजवा डोळा मिटला, तिचा उघडला. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "किती वाळलीस गं!" दोघं चार पावलं चालतात, थांबतात, एकाच लाकडावर बसून धापा टाकतात आणि कोण जास्त हवा खातं यावर भांडतात.

मग तो माझ्यासाठी शिजवायला बसला. "अर्धा तुझा परत घे. तू स्वतःलाच सांग." पण सांगायचं म्हणजे तो शब्द माझ्याच तोंडून यायला हवा, आणि तिथे नुसता 'हो' येतो. दुपारभर वाटी पुढ्यात घेऊन बसले. पेज गार झाली. "सुट्टीत ये," मुनिको म्हणाला, "तोवर शीक. मला तू शिकवलंस, तसं आता स्वतःला."

बसमध्ये एका बाईने विचारलं, बाळ धरशील? हो. एकाने विचारलं, सुक्या मासळीचं पोतं तुझ्या पायाखाली ठेवू? हो. कोंबडी? हो. मग शेजारी इस्त्रीच्या शर्टातला माणूस येऊन बसला. कुठे चाललीस, एकटीच का, मुसोमात माझी खोली आहे, संध्याकाळी येशील? आणि माझं तोंड म्हणालं, हो.

 तो हसून आणखी जवळ सरकला. तेव्हा कळलं की गेलंय ते तोंडातलं, पाय अजून माझेच आहेत. मी उठले. बाळासकट, कोंबडीसकट, पोतं ओढत, सगळ्यात मागे जाऊन बाळाच्या आईशेजारी बसले. ती म्हणाली, "त्रास देत होता का मेला?" मी म्हटलं, "हो!" या वेळी तो 'हो' नेमका कामाला आला. तिने त्याला अख्ख्या बसला ऐकू जाईल असं झापलं.

तेव्हापासून वही मांडीवर आहे. बाळ झोपलंय, कोंबडी झोपलीय, मी सराव करतेय. चार पानं नुसत्या रेघांची भरली. समोर सरोवर चमकायला लागलं, म्हणजे मुसोमा आलंच. हात दुखतोय, पण आत्ता, या खड्ड्यात बस उडाली तेव्हा, पेन थोडं पुढे सरकलं! थांबा, पुन्हा करून बघते.

ना